खिशातली बाटली



गोचीड म्हटली की आम्हा वर्धेकरांना गुरे आठवतात. पण ती माणसाच्याही जिवावर उठते. कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात १९५७ साली आढळलेला माकडताप २०१६ साली सिंधुदुर्गात काजू वेचणाऱ्यांपर्यंत पोहोचला. तो गोचिडीच्या चाव्याने होतो. ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेने गोचीड दूर ठेवणारे ‘डेपा’ तेल काढले आहे. ते उघड्या अंगाला चोळून रानात जावे, परतल्यावर अंग-कपडे तपासून गरम पाण्याने धुवावेत.

सहलीला जाणारा असले औषध खिशात घालून निघतो; पोटासाठी जाणाऱ्याचा खिसा रिकामाच! आमचे मागणे एवढेच : तेंदूपत्ता तोडायला पाठवणाऱ्याने पहिल्याच दिवशी मजुराच्या हाती बाटली द्यावी. तिचे पैसे मजुरीतून कापू नयेत.