एकाच माशावर घर चालत नाही

मागचा भाग ऐकून एका श्रोत्यांनी विचारलं होतं, "समुद्रात मासे भरपूर असले म्हणजे झालं की! ते दहा प्रकारचे आहेत की शंभर, यानं काय फरक पडतो?" प्रश्न मला आवडला. आज त्याचंच उत्तर, मालवणच्या किनाऱ्यावरून.

रापण पाहिलीय का तुम्ही? होडीतून समुद्रात अर्धगोल जाळं सोडायचं आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचे. रापण एकट्याची नसते, संघाची असते, आणि मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात. गेल्या हिवाळ्यात मी तिथे उभी होते. जाळं वाळूवर आलं. आत बांगडे, तारल्या, पेडवे, सौंदाळे, शेंगट्या, माकुल, कुर्ल्या, सगळं एकत्र. मी विचारलं, "यातला महत्त्वाचा मासा कुठला?" एक आजोबा हसून म्हणाले, "एकाच माशार घर चलना नाय, बाय. बांगडो नाय गावलो तर पेडवो गावता."

बघा, त्या श्रोत्यांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळालं.

तारलीचंच घ्या. केरळात २०१२ साली जवळपास चार लाख टन तारली मिळाली होती. २०२१ मध्ये ती साडेतीन हजार टनांच्याही खाली आली. समुद्राचं तापमान, पाऊस, खाद्य, मासेमारी, अशी बरीच कारणं त्यात गुंतलेली असतात. ज्याचं सगळं तारलीवर अवलंबून, तो अशा वर्षी बसला! ज्याच्या जाळ्यात वीस प्रकार येतात, तो कसाबसा तरून जातो.

आता उरलेलं अर्धं उत्तर, पाण्याखालचं. मालवणच्या उथळ समुद्रात खडक आहेत, खडकांवर समुद्री शेवाळ आहे, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहेत. जवळच देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिच्या खाडीत कांदळवन आहे. कोळंबीची आणि कितीतरी माशांची पिल्लं या कांदळवनाच्या मुळांत लपून वाढतात, मोठी झाली की बाहेर पडतात. कालवं आणि तिसऱ्या पाणी गाळून त्यातलं सूक्ष्म खाद्य घेतात, त्यामुळे पाणी स्वच्छ राहतं. शेवाळ खाणारे मासे शेवाळाला आवर घालतात, नाहीतर ते प्रवाळांवर चढून बसेल.

म्हणजे प्रत्येकाचं काम ठरलेलं. पण खरी गंमत पुढे आहे. एकच काम करणारे अनेक जीव असतात आणि प्रत्येकाची सहनशक्ती वेगळी असते. पावसाळ्यात नदीचं गोडं पाणी आलं की खारटपणा उतरतो. कुणाला तो सोसतो, कुणाला नाही. उन्हाळ्यात पाणी तापलं की तसंच. एक गळाला तरी दुसरा काम चालू ठेवतो. जाती कमी झाल्या की हा बदली कामगारच उरत नाही. मालवणचे प्रवाळ तापलेल्या पाण्यात पांढरे पडल्याच्या नोंदी गेल्या दहाएक वर्षांत झाल्या आहेत. ते पुन्हा सावरायला हवे असतील, तर शेवाळ खाणारे मासे तिथे असायला हवेत ना?

हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. पण "आमची मासेमारी बंद होईल" ही भीती मच्छीमारांच्या मनात आहे, आणि ती उगाच नाही. पोट त्यावर आहे. मला मात्र वाटतं, रापणवाले हे विविधतेचे विरोधक नाहीतच, तिचे पहिले लाभार्थी आहेत. धोका आहे तो थव्याच्या थवा एका फेरीत उचलणाऱ्या जाळ्यांचा, रात्री प्रखर दिवे लावून केलेल्या मासेमारीचा. पर्ससीनवर राज्य सरकारने २०१६ मध्ये निर्बंध आणले. ते पाळले जातात का, हे पारंपरिक मच्छीमारांनाच विचारा. नियम ठरवताना त्यांना बाजूला बसवून चालणार नाही.

आणि आपण काय करायचं? बाजारात गेल्यावर दर वेळी सुरमई-पापलेटच मागू नका. सौंदाळे घ्या, पेडवे घ्या. अगदी लहान पिल्लं विकायला असतील तर नको म्हणा.

आजच्या भागात एवढंच. तुमच्या गावी पूर्वी मिळायचा आणि आता दिसत नाही असा मासा कुठला, ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.