चित्रपटाच्या भिंतीवरील चित्रपट

चित्रपट पाहतांना प्रेक्षकाची दृष्टि बहुधा नटनटींच्या मुखावर खिळलेली असते. त्यांच्या पाठीमागच्या भिंतीकडे ती क्वचितच जाते. परंतु त्या भिंतीवर दुसऱ्याच एखाद्या चित्रपटाचें पोस्टर डकविलेलें असलें, तर तें तेथें सहज आलें असें मात्र समजूं नये.

व्हित्तोरियो दे सिका या इटालियन दिग्दर्शकाचा ‘बायसिकल थीव्हज्’ हा १९४८ सालचा चित्रपट. मुंबईंत १९५२ सालीं पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला, त्यांत तो दाखविला गेला होता. कथा महायुद्धानंतरच्या रोम शहरांतली; जिकडे तिकडे बेकारी. अंतोनियो रिच्ची या गरीब माणसास भिंतींवर जाहिराती चिकटविण्याची नोकरी मिळते. अट एकच : स्वतःची सायकल पाहिजे. ती तर गहाण पडलेली! तेव्हां त्याची पत्नी मारिया अंथरुणावरच्या चादरी गहाण टाकून सायकल सोडवून आणते. आपल्याकडील गृहिणीनें अंगावरचें डोरलें काढून द्यावें, तशांतलाच हा प्रकार. पेढीवरचा नोकर चादरींचें तें गाठोडें घेऊन उंच फळ्यांवर चढत जातो, आणि तशीं असंख्य गाठोडीं तेथें रचलेलीं दिसतात. एका घराचें दुःख एका क्षणांत साऱ्या शहराचें होऊन जातें.

कामाचा पहिलाच दिवस. खळीची बादली, कुंचा आणि शिडी घेऊन अंतोनियो भिंतीशीं उभा आहे. कागदावर सुरकुती राहूं नये एवढीच त्याला चिंता. तो कागद म्हणजे ‘गिल्डा’ या १९४६ सालच्या अमेरिकन बोलपटाचें पोस्टर, आणि त्यावरची सुंदरी म्हणजे रिटा हेवर्थ. तिच्याकडे पाहण्यास या बापड्यास सवड कोठली? तो शिडीवर असतांनाच खालीं सायकल चोरीस जाते.

दे सिकाला दुसरी कोणतीहि जाहिरात तेथें लावतां आली असती. युद्धानंतर इटलींतील चित्रगृहें अमेरिकन चित्रपटांनीं भरून गेलीं होतीं. त्या चित्रपटांतील ऐश्वर्य भिंतीवर, आणि ज्याच्या घरीं अंथरुणास चादर उरली नाहीं असा मनुष्य तें ऐश्वर्य खळीनें चिकटवीत आहे! याविषयीं पात्रांच्या तोंडीं एक शब्दहि नाहीं, हें विशेष. डेव्हिड सेल्झनिक या अमेरिकन निर्मात्यानें नायकाच्या भूमिकेसाठीं केरी ग्रँट या विख्यात नटाचें नांव सुचविलें होतें. दे सिकानें तें मानलें नाहीं व लाम्बेर्तो माज्जोरानी या कारखान्यांतील कामगारास उभें केलें. पोस्टरावरचाच नट पोस्टर चिकटवूं लागला असता, तर त्या प्रसंगांत काय उरलें असतें? पुढें माज्जोरानीची कारखान्यांतील नोकरी गेली, ही गोष्ट मात्र मनास चटका लावते.

फ्रान्समधील झाँ-ल्युक गोदार यानें १९६० सालच्या ‘ब्रेथलेस’ या चित्रपटांत हीच युक्ति निराळ्या रीतीनें योजिली आहे. येथें नायकच चोर आहे, आणि तोहि मोटारींचा. पॅरिसमधील एका चित्रगृहाच्या दारांत तो थबकतो. आंत हम्फ्री बोगार्ट याचा अखेरचा चित्रपट चालू आहे. स्वतः बोगार्ट १९५७ सालींच निवर्तला होता. चोर त्याच्या चित्राकडे टक लावून पाहतो, त्याच्याचसारखा आंगठा ओठांवरून फिरवितो, आणि हलकेच त्याचें लाडकें नांव उच्चारतो, “बोगी.”