जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरील एक दिवस

(पंचायत सदस्य व शिक्षक यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्णपणे खुला झाला आणि घाईची वाहतूक जुन्या महामार्गावरून तिकडे वळली. प्रवासाचा वेळ वाचला, ही मोठीच सोय झाली. तथापि, कुंपणाआडून धावणाऱ्या वाहनाला वाटेवरचे गाव भेटत नाही. ते भेटते जुन्या रस्त्यावर. मोहोपाड्याहून सकाळी निघून सायंकाळी परतणाऱ्या प्रवाशाला हा रस्ता काय दाखवितो, ते पाहण्यासारखे आहे.

दांड फाट्यावर महामार्ग लागतो. पुढे चौक हे सरनोबत नेताजी पालकरांचे गाव म्हणून ओळखले जाते. येथून इर्शाळगडाचा सुळका नजरेत भरतो. त्याच्याच कुशीतील इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. डोंगरउतारावरील वस्ती व पावसाळा यांचा विचार प्रत्येक ग्रामपंचायतीने आधीच करावयास हवा, याचे स्मरण हा सुळका देत राहील.

खोपोलीच्या अलीकडे महड येथे अष्टविनायकांपैकी वरदविनायकाचे देवालय आहे. ते १७२५ साली सुभेदार रामजी महादेव बिवलकर यांनी बांधविले. खुद्द खोपोलीत नाना फडणविसांनी बांधविलेला तलाव व महादेवाचे मंदिर आहे. घाट चढण्यापूर्वी माणसाला व जनावराला पाणी मिळावे, ही गरज अशा तलावाने भागत असे.

खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले. लोणावळा परिसरातील जलाशयांचे पाणी मोठ्या नळांतून सुमारे १,७०० फूट खाली येते, जनित्रे फिरविते आणि मग पाताळगंगेत सोडले जाते. हीच नदी पुढे मोहोपाडा-रसायनीच्या औद्योगिक पट्ट्यातून वाहते. घाटमाथ्यावरचा पाऊस प्रथम वीज देतो आणि नंतर कारखान्यांच्या व शेतीच्या उपयोगी पडतो. भूगोलाचा असा धडा शाळेपासून तासाभराच्या अंतरावर आहे.

येथून बोरघाट सुरू होतो. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८३० साली, हा घाट चाकाच्या गाड्यांसाठी खुला झाला. रेल्वे १८५६ साली खोपोलीस आली आणि १८५८ साली खंडाळा-पुणे मार्ग सुरू झाला. परंतु मधला घाट १८६३ पर्यंत पालखी, तट्टू यांच्या साहाय्याने वा पायी चढावा लागे. इंग्रज अभियंत्यांना या घाटाची वाट शिंग्रोबा नावाच्या धनगराने दाखविली, अशी लोककथा आहे. त्याच्या देवळापाशी अनेक वाहनचालक आजही नाणे टाकून पुढे जातात. सरकारी कागदांत माल्कम राहिला, चालकांच्या मनात शिंग्रोबा राहिला.

घाटमाथ्याजवळचा जुना दगडी पूल, ज्याला सारे अमृतांजन पूल म्हणत, वाहतुकीस अडथळा होतो म्हणून एप्रिल २०२० मध्ये पाडण्यात आला. रस्ता रुंद होणे आवश्यकच असते. परंतु जी वास्तू उद्या जाणार आहे तिची मापे, छायाचित्रे व आठवणी आज टिपून ठेवणे तितकेच आवश्यक आहे.

हे काम फार खर्चाचे नाही. प्रत्येक गावाने आपल्या हद्दीतील तळे, देवालय, मैलाचा दगड व जुना वृक्ष यांची नोंद ग्रामपंचायतीत ठेवावी. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकरवी वृद्धांच्या आठवणी लिहून घ्याव्यात. फाट्यावर एक सुवाच्य मराठी फलक, पिण्याचे पाणी व स्वच्छतागृह एवढी सोय झाली, तर प्रवासी थांबेल. आणि तो थांबला म्हणजे रस्त्याकडेला रानमेवा घेऊन बसणाऱ्या आदिवासी भगिनीच्या टोपलीलाही गिऱ्हाईक मिळेल.