शेबाची राणी आणि घरची भाषा: कवयित्री कॅथलीन जेमी

इअरफोन लावलेत ना? चला, आज थेट स्कॉटलंडला जाऊया.

तिथे इंग्रजीच्या जोडीला स्कॉट्स नावाची भाषा आहे. इंग्रजीची सख्खी बहीणच म्हणा ना! २०११च्या जनगणनेत १५ लाखांहून जास्त लोकांनी सांगितलं, की आम्हाला ती बोलता येते. पण शाळेत मात्र पिढ्यान्‌पिढ्या तिला 'बिघडलेलं इंग्रजी' म्हणून हिणवलं गेलं. आता अशा ठिकाणी कवितेची आवड असलेल्या मुलीने लिहायचं तरी कशात?

कॅथलीन जेमीचा जन्म १९६२चा. ती एडिनबराजवळच्या करी नावाच्या गावात वाढली. विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकत असतानाच, १९८२ साली, तिचा पहिला संग्रह आला. तेव्हा ती जेमतेम वीस वर्षांची होती!

मग १९९४मध्ये आला 'द क्वीन ऑफ शेबा'. स्कॉटलंडमध्ये जरा मोठी स्वप्नं बघणाऱ्या मुलीला टोमणा ठरलेला: स्वतःला काय शेबाची राणी समजतेस? जेमीने काय केलं, तर त्या राणीलाच उंटांसकट आपल्या करी गावात आणून उभं केलं. आणि कवितेत इंग्रजीच्या मांडीला मांडी लावून स्कॉट्स शब्द बसवले. १९९९च्या संग्रहाचं तर नावच स्कॉट्स, 'जिझेन', म्हणजे बाळंतिणीची खाट.

२०१४ हे स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याच्या सार्वमताचं वर्ष. त्या वर्षभर तिने दर आठवड्याला एक कविता लिहिली. त्यातून 'द बॉनिएस्ट कंपनी' हा संग्रह झाला. पुढे २०२१ ते २०२४ ती स्कॉटलंडची 'मकार', म्हणजे राष्ट्रकवी होती. त्या काळात तिने सामान्य लोकांकडून ओळी मागवल्या आणि त्या गुंफून निसर्गावरच्या सामूहिक कविता तयार केल्या.

आणि २०२४मध्ये 'द कीली हॉक' आलं. हे अख्खं पुस्तक स्कॉट्स कवितांचं! सुरुवातीला इंग्रजीत मिसळलेले काही शब्द, आणि तीसेक वर्षांनी पूर्ण पुस्तक. मधल्या काळात तिने इंग्रजी काही सोडली नाही. तिचे निसर्गावरचे गाजलेले निबंध इंग्रजीतच आहेत. म्हणजे बघा, एक भाषा धरायची तर दुसरी टाकावीच लागते असं काही नाही.

२०२५मध्ये स्कॉट्सला अधिकृत दर्जा देणारा कायदाही झाला. पण कायदा शब्द जिवंत ठेवत नाही, ते माणसांनाच वापरावे लागतात.

तर मंडळी, घरी बोलता पण बाहेर बोलायला लाजता, असा तुमचा एखादा शब्द आहे का? व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात ऐकवू. भेटूच!