हृदयधमन्यांच्या तपासणीनंतर घरीं

हृदयाच्या धमन्यांत नळीवाटें औषध सोडून क्ष-किरणचित्र घेण्याची पद्धति, म्हणजेच अँजिओग्राफी, मेसन सोन्स यांना १९५८ सालीं क्लीव्हलंड येथें जवळजवळ अपघातानेंच गवसली. आज रुग्ण बहुधा दिवसाभरांत घरीं परततो, आणि घरचीं माणसें त्याच्या छातीकडे चिंतेनें पाहत राहतात. वास्तविक पहिले कांहीं दिवस लक्ष हवें तें मनगटाकडे किंवा जांघेकडे, जेथून नळी आंत गेली तेथें. छिद्र दिसावयास लहानसें. परंतु तें धमनीला पडलेलें असतें! जांघेंतून तपासणी झाली असल्यास उकिडवें बसूं नये, भरलेली बादली उचलूं नये. नातवासहि कडेवर घेऊं नये, आणि आजोबांना हें पटविणेंच सर्वांत कठीण. थोडा काळानिळा डाग पडतो, त्याचें भय नाहीं. मात्र सूज वाढूं लागली किंवा रक्त आलें, तर रुग्णास आडवें निजवून त्या जागेवर घट्ट दाब धरावा, हात उचलून पाहूं नये, आणि दुसऱ्या कोणीं १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. छातींत दुखूं लागल्यासहि तेंच. हात किंवा पाय गार, बधिर पडला, तरी विलंब नको. पहिल्या रात्रीं कोणीतरी जवळ निजावें, आणि मधून मधून दिवा लावून, पांघरूण सारून ती जागा पाहावी.