मागच्या आसनावरून

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



सरकारी नोकराला व्यासपीठावर बोलावले की तो आकडेवारी घेऊन येतो, असा आपला अनुभव असणार. कार्यवाहांनी मात्र आम्हांस छंदाविषयी बोलावयास बजावले, आणि आमचा छंद एकच : मोटारसायकल. यापुढे ‘आम्ही’ हा शब्द वारंवार येईल. तो मोठेपणाचा समजू नये. आमच्या घरी मोटारसायकलवर माणूस एकटा असा क्वचितच बसला.

आमचे वडील धुळ्याचे. केंद्र सरकारच्या नोकरीने त्यांना दिल्लीस आणले आणि 1976 साली त्यांनी येझदी घेतली. ही गाडी मैसूरची. चेकोस्लोव्हाकियातील जावा कंपनीच्या सहकार्याने तो कारखाना 1961 साली सुरू झाला आणि 1996 साली बंद पडला. ज्यांनी ती चालवली त्यांना सांगावयास नको, पण तरुण मंडळींसाठी सांगतो : तिची गिअरची दांडी आत दाबून फिरवली की तीच किक होत असे. दोन बाजूंना दोन सायलेन्सर, आणि आवाज असा की वडील कोपऱ्यावर वळले की आई चहाचे आधण ठेवी.

आपल्या मंडळाच्या पहिल्या काही गणेशोत्सवांना आम्ही त्याच गाडीने येत असू. पेट्रोलच्या टाकीवर आम्ही, मग वडील, त्यांच्या पाठीशी धाकटी बहीण आणि सर्वांत मागे, एका बाजूला पाय सोडून, मांडीवर मोदकांचा डबा धरलेली आई. चालकामागे एकाहून अधिक माणूस बसवणे हा आज मोटार वाहन कायद्यानुसार गुन्हा आहे. पन्नाशी उलटलेल्या अधिकाऱ्याने हे जाहीरपणे कबूल करावे की नाही, याचा विचार आम्ही केला. पण त्या डब्यातले मोदक खाणारे या सभागृहात आजही बसले आहेत.

हौस वडिलांची आहे, असे आम्ही सारे धरून चाललो होतो. आई केवळ मागे बसते. 1984 सालच्या थंडीत एका संध्याकाळी तिचा पदर मागच्या चाकात गेला. गाडीचा वेग बेताचा होता म्हणून निभावले; तरीही खांद्याचे हाड मोडले आणि कपाळाला टाके पडले. वडिलांच्या डोक्यावर शिरस्त्राण होते, तिच्या डोक्यावर शालीखेरीज काही नव्हते. त्यानंतर तीन महिने वडिलांनी गाडीला हात लावला नाही. ती विकण्याची भाषा त्यांनी काढली तेव्हा आई म्हणाली, “अहो, आठ वर्षे मागे बसते आहे. गाडी विकण्याआधी मला एकदा विचाराल की नाही?”

तिने दोन अटी घातल्या. यापुढे ती सलवार-कमीज घालून, दोन्ही बाजूंना पाय टाकून बसणार. आणि तिलाही हेल्मेट हवे. त्या काळी आपल्या समाजात यावर काय काय बोलले गेले, ते येथे उगाळत नाही. बोलणाऱ्या काही भगिनी पुढे तिच्याकडूनच सलवार-कमीज बेतून घेऊन गेल्या. दिल्लीत स्त्रियांना हेल्मेटची सक्ती 2014 साली झाली. आमच्या घरी ती तीस वर्षे आधी झाली होती.

1987 साली, आम्ही अठरा वर्षांचे असताना, वडिलांनी आम्हांस धुळ्यास नेले. एरवी आम्ही पंजाब मेलने चाळीसगावी उतरून पुढची गाडी धरत असू. या वेळी आग्रा-मुंबई रस्त्याने, सुमारे 1100 किलोमीटर, चार दिवस. थंडी इतकी की स्वेटरच्या आत वर्तमानपत्रे कोंबली होती. धोलपूरच्या पुढे चंबळ ओलांडली आणि ग्वाल्हेरला पहिला मुक्काम केला. तेथून पुढे गुणा, देवास, इंदूर. शिंदे, पवार, होळकर यांच्या मुलखातून जाणारा हा रस्ता. पत्ता हिंदीत विचारावा आणि उत्तर मराठीत यावे, असे दोनदा घडले. प्लगवर काजळी धरून गाडी चारदा बंद पडली. रस्त्याच्या कडेला बसून पॉलिशपेपरने प्लग घासणे हे आमचे काम. खलघाटला नर्मदा लागली तेव्हा वडिलांनी गाडी थांबवून हात जोडले आणि पुढे मूठ प्रथमच आमच्या हाती दिली.

सेंधव्यानंतर बिजासन घाट उतरू लागलो. आम्ही मूठ पूर्ण मिटून, गिअरवर गाडी रोखून, मोठ्या ऐटीत उतरत होतो. मागून वडिलांनी पाठीत एक ठेवून दिली. या इंजिनाला वंगण मिळते ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलातून. मूठ मिटून लांब उतार उतरलात की पेट्रोल कमी पडते, त्याबरोबर तेलही, आणि पिस्टन तापून आवळून बसतो. म्हणून उतारावरही अधूनमधून मूठ किंचित पिळावयाची. “तिलाही तहान लागते,” एवढेच ते म्हणाले.

वडील 2011 साली गेले. आई धुळ्यास राहू लागली. येझदी आमच्याकडे राहिली. मग पंधरा वर्षांवरील पेट्रोलच्या गाड्या दिल्लीत चालवू नयेत, हा आदेश 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने कायम केला. दिल्लीच्या हवेत श्वास घेणाऱ्याने त्यास नावे ठेवू नयेत. आम्हीही ठेवली नाहीत. मात्र गाडी भंगारात जाणार नाही, धुळ्यास जाईल, असे ठरले. ना हरकत प्रमाणपत्रासाठी घातलेल्या खेपांविषयी सरकारी नोकराने मौन पाळावे, हे उत्तम.

गाडी मी नेणार, असे आमच्या कन्येने जाहीर केले. ती तेव्हा तेवीस वर्षांची. आम्ही ट्रक, धुके, निर्मनुष्य रस्ता अशी कारणे मांडली. सौभाग्यवतींनी ती शांतपणे ऐकली आणि विचारले, “तुम्ही अठराव्या वर्षी निघालात तेव्हा सासूबाईंनी यांतले कोणते कारण सांगितले होते?” त्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

जानेवारी 2019 मध्ये येझदी टेम्पोत घालून आग्र्यापर्यंत नेली. आग्र्याहून सुटका पेटाऱ्यातून झाल्याचे आपण जाणतोच. आमच्या येझदीची सुटका आग्र्यापर्यंत टेम्पोतून झाली. पुढे कन्या येझदीवर आणि मागे आम्ही उभयता आमच्या नव्या गाडीवर. रस्ता आता चौपदरी, 2010 साली त्याचे क्रमांकही बदलले. परंतु प्लगवरची काजळी तीच. यावेळी प्लग घासण्यास आम्हांस कोणी बोलावले नाही.

बिजासनच्या उतारावर आमच्या छातीत धडधडू लागले. घाटाविषयी तिला सांगावयाचे आम्ही साफ विसरलो होतो. हॉर्न वाजवावा तर ती दचकेल. इतक्यात पहिल्या वळणावर येझदीचा आवाज किंचित चढला आणि पुन्हा खाली आला. दुसऱ्या वळणावर पुन्हा तसेच.

खाली चहाच्या टपरीवर आम्ही विचारले, “हे तुला कोणी शिकवले?”

“आजीने. फोनवर. म्हणाली, बाबांना आठवणार नाही.”

जिने आयुष्यात एकदाही हँडल धरले नाही, तिने मागच्या आसनावरून सारे घाट कानांनी पाठ केले होते.

धुळे वीस किलोमीटर उरले असता सोनगीरला चुलतभावाची मोटार उभी दिसली. आई उतरली. चौऱ्याहत्तर वर्षांची, अंगात सलवार-कमीज, हातात तिचे जुने हेल्मेट. ते फार जुने झाले आहे, असे म्हणून सौभाग्यवतींनी आपले तिच्या डोक्यावर चढवले व स्वतः मोटारीत जाऊन बसल्या. आई नातीच्या मागे चढली, पावले टेकवावयाची जागा पायांनी चाचपून पाहिली, एक हात तिच्या खांद्यावर ठेवला. हळू चालव, असे ती म्हणेल, अशी आमची समजूत.

“चल,” ती म्हणाली, “उन्हे उतरायच्या आत पोहोचू.”