संगणकांतील जुना पत्रव्यवहार

पुण्याच्या पेशवे दफ्तरांतील कागद ज्यानें पाहिले आहेत त्याला हें सांगावयास नको, कीं कागद शाबूत असणें निराळें आणि तो वाचतां येणें निराळें. मोडी येत नसेल तर समोर सोडलेला रुमालहि मुकाच राहतो. आपल्या घरांतील वीसपंचवीस वर्षांपूर्वींच्या ई-मेलांची गत आज अशीच होऊं लागली आहे. परदेशीं गेलेल्या मुलानें १९९९ सालीं आईवडिलांस धाडलेलीं पत्रें जुन्या विंडोज संगणकावर सुरक्षित असतात. घरांत मात्र आतां मॅक किंवा लिनक्स आलेला असतो, आणि पत्रांची फाइल तेथें कांहीं केल्या उघडत नाहीं.

श्रोते हो, दोष पत्रांचा नसून तीं ज्या पेटींत ठेविलीं तिच्या घडणीचा आहे. युनिक्स संगणकांवर रूढ झालेली पेटी मोठी साधी. एकाच फाइलींत पत्रामागून पत्र लिहीत जावयाचें, आणि प्रत्येकाच्या आरंभीं ‘फ्रॉम’ हा इंग्रजी शब्द घालावयाचा. हिला एमबॉक्स म्हणतात. आतां मजकुरांतीलच एकादी ओळ ह्या शब्दानें सुरू झाली, तर यंत्राला तेथें नवें पत्र लागलें असें वाटावयाचें! म्हणून अशा ओळीपुढें बाणाच्या टोंकासारखी एक खूण घालीत. जुन्या पत्रांत ती अजून आढळते. अशी फाइल कोणत्याहि यंत्रावर निदान डोळ्यांनीं तरी वाचतां येते. १९८८ सालीं स्टीव्ह डॉर्नर ह्यांनीं लिहिलेला युडोरा हाहि जवळजवळ ह्याच वळणाचा. परंतु पत्रासोबत आलेलीं छायाचित्रें तो निराळ्या फोल्डरांत ठेवी. नुसती पत्रांची फाइल उचलून आणली, तर तीं मागेंच राहतात.

मायक्रोसॉफ्टच्या आउटलुकची पीएसटी फाइल म्हणजे मात्र कुलुपबंद कपाट. ती साध्या मजकुराची नसल्यामुळें डोळ्यांनीं वाचण्याची सोयच नाहीं. सुदैवानें तिची रचना २०१० सालीं प्रसिद्ध झाली. लिनक्सवर ‘रीडपीएसटी’ नांवाचा एक छोटा प्रोग्राम ती उलगडून तिचें एमबॉक्समध्यें रूपांतर करतो, आणि पुढें थंडरबर्डसारख्या प्रोग्रामांत तीं पत्रें वाचतां येतात.

मराठी पत्रांची कथा ह्याहून बिकट आहे. युनिकोडांत देवनागरीला १९९१ सालींच स्थान मिळालें, तरी पुढें कित्येक वर्षें आपण श्रीलिपि, शुषा अशा फॉन्टांत लिहीत होतों. तेथें फाइलींत देवनागरी अक्षर नसतेंच; असतात ती रोमन अक्षरें व इतर चिन्हें, आणि फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. फॉन्ट गेला कीं आईचें क्षेमकुशल म्हणजे अर्थहीन चिन्हांची रांग! तरी धीर सोडण्याचें कारण नाहीं. कोणत्या चिन्हामागें कोणतें अक्षर हें प्रत्येक फॉन्टांत ठरलेलें असतें. म्हणून फॉन्टाचें नांव ठाऊक असल्यास बहुतेक मजकूर युनिकोडांत आणतां येतो. नांव ठाऊक नसेल तर जुन्या यंत्रांतील फॉन्टांचा फोल्डरच उतरून घ्यावा.

हें सारें मूळ फाइलीवर न करतां तिच्या प्रतीवर करावें. शेवटीं दोन्हीकडील पत्रांची संख्या ताडून पाहावी, मधलीं दहावीस पत्रें उघडून वाचावीं, छायाचित्रें आलीं आहेत ना तें पाहावें. आणि मगच जुना संगणक भंगारवाल्याच्या हवालीं करावा.